अकरा वाजताची लाईन

९ जानेवारी २००७, मंगळवार

स्वप्नाने नागपूरहून ही डायरी पाठवली आहे. पहिल्या पानावर तिचं अक्षर: "बाबा, माईकवर जे बोलत नाही ते इथे लिहा." शाळेत शिकवायला लागल्यापासून मुलगी बापालाही गृहपाठ देते.

माईकवर मी काय बोललो नाही? बत्तीस वर्षं रेल्वे कामगारांच्या गेट मीटिंगा घेतल्या. चौऱ्याहत्तरच्या संपानंतर साहेबांनी शिक्षा म्हणून नागपूरहून उचलून जयपूरला फेकलं. इथेही पहिल्याच आठवड्यात वर्कशॉपच्या गेटवर स्टूल टाकून उभा राहिलो. लोक जेवणाचा डबा हातात धरून ऐकायचे आणि डबा उघडायचं विसरायचे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आता बनी पार्कातल्या या भाड्याच्या घरात माझी भाषणं ऐकायला एकटी द्वारका आहे, आणि तिला ती सगळी पाठ आहेत.

म्हणून पुस्तक. नागपूरच्या एका प्रकाशकाने माझी निवडक भाषणं मागितली आहेत, ईमेलने. दिवाळीत स्वप्ना कॉम्प्युटर घेऊन आली, वर कॅमेऱ्याचा एक गोल डोळा बसवून गेली, "रविवारी तुम्ही दोघं मला दिसाल" म्हणून. 'मरुसेतू ब्रॉडबँड'चं कनेक्शन घेतलं. आणि नवल म्हणजे, सातवी शिकलेल्या द्वारकेने टायपिंग शिकून घेतलं. रोज अकरा ते बारा, मी वाचनालयात असतो तेव्हा, ती माझी भाषणं टाईप करते आणि लाईनवरून प्रकाशकाला धाडते.

बोललो मी, राबते ती. डायरी खरी असावी, म्हणून हेही लिहून ठेवतो.

१५ जानेवारी, सोमवार

काल संक्रांत. इथे संक्रांत म्हणजे पतंग. अख्खं जयपूर गच्चीवर, चहूकडून "वो काटा!" आमच्या गच्चीवरून जाणाऱ्या केबलमध्ये एक पतंग अडकला, पलीकडच्या कुणीतरी मांजा ओढला, आणि केबलचा जोड निघाला. मोडेमवरचा हिरवा दिवा गेला.

मी म्हटलं, "बरं झालं, तुला सुट्टी मिळाली."

द्वारकेने कनेक्शनचा कागद शोधून ठेवला. आज सकाळपासून तिने कंपनीचा तक्रार नंबर सात वेळा फिरवला. "आपकी कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है" हे वाक्य कानाला लावून तिने दोन जुड्या मेथी निवडली. माझ्या पुस्तकाची तिला एवढी ओढ असेल असं छत्तीस वर्षांच्या संसारात कधी वाटलं नव्हतं. मला जरा भरूनच आलं.

२३ जानेवारी, मंगळवार

कंपनीचा फोन. मुलीचा गोड आवाज. "सर, आपकी शिकायत का समाधान हो गया है."

"कुठे झालं? दिवा विझलेलाच आहे."

"सर, सिस्टम में दिखा रहा है. ग्राहक संतुष्ट."

माझं समाधान माझ्या गैरहजेरीत झालं! रेल्वेचे साहेब निदान आमच्या तोंडावर नाही म्हणायचे. दगडाला डोकं आपटलं तर रक्त तरी येतं; इथे कापसाची भिंत आहे. मी तिला वीस मिनिटं सुनावलं. शेवटी ती म्हणाली, "सर, आपकी भाषा बहुत अच्छी है," आणि नवा तक्रार क्रमांक दिला.

द्वारका दारात उभी होती. "तुमी भाषण देल्लं," ती म्हणाली. "माणूस कवा येते, ते इचारलंच नाही."

१ फेब्रुवारी, गुरुवार

माणूस आला. सुवालाल. पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, रोज चाकसूहून बसने येतो. अर्ध्या जयपूरच्या तारा एकट्याच्या गळ्यात. द्वारकेने त्याला चहा दिला, वर तिळाचे लाडू दिले. तो तिला 'माँसा', म्हणजे आईसाहेब, म्हणतो. तिने त्याला एकच विचारलं, "भैया, ग्यारह से बारह तो चलेगा ना? बाकी दिन गया तो गया."

कामाची वेळ पाळावी तर अशी. युनियनच्या ऑफिसात मला असा एक कारकून मिळाला नाही.

सुवालालने जोड बांधला, मोडेम सुरू केला, मग "टेस्टिंग कर लो माँसा" म्हणत खुर्ची तिच्याकडे सरकवली. तेव्हा मी वाचनालयात निघालो. अकरा वाजत आले होते.

८ फेब्रुवारी, गुरुवार

वाचनालय आज कसल्याशा सुट्टीमुळे बंद होतं. साडेअकरालाच परतलो. आतून हसण्याचा आवाज. द्वारका अशी हसताना मी किती वर्षांत ऐकली नव्हती. दार वाजवलं. उघडायला वेळ लागला. अंगावर विहारात जायची निळी साडी, केस नीट बांधलेले. टेबलावर एक कठपुतळी, तांबड्या घागऱ्याची. कुठून आणली कोण जाणे.

"कोणतं भाषण चाललंय?"

"चौऱ्याहत्तरचं."

"त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"तुमी लय मोठ्यानं बोलता त्यात."

चार महिन्यांत नऊ पानं झाली आहेत. सावकाश करते, पण काम जीव लावून करते. टाईप करायलाही चांगली साडी नेसते.

आज कौशिकच्या लग्नाला तीन वर्षं झाली. तारीख मीच लिहिली, तर पुढचंही लिहितो.

आम्ही त्याचं नाव कौशिक ठेवलं तेव्हा या मुलखात कौशिक हे ब्राह्मणांचं आडनाव असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पोरगा शिकला, दिल्लीला नोकरीला लागला, आणि हळूच रामटेके गाळून नुसता कौशिक झाला. लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. त्याने समजू दिलं. मुलगी इथलीच, सी-स्कीम या जयपूरच्या श्रीमंत वस्तीतल्या एका बँक मॅनेजरची, कीर्ती. लग्नाची पत्रिका घरी आली. वराचे पिता म्हणून छापलं होतं, 'श्री बी. कौशिक'. माझं नाव! ज्या नावासाठी मी साहेबांच्या टेबलासमोर बसून नाही, उभा राहून भांडलो, ते माझ्याच पोराने रबराने खोडावं तसं खोडलं.

मी लग्नाला गेलो नाही. त्याने एकदाच उत्तर दिलं. म्हणाला, "बाबा, तुम्ही आडनाव सांगितलंत की तुम्हाला टाळ्या मिळाल्या. हॉस्टेलात मी सांगितलं तेव्हा मला दुसरंच काही मिळालं."

मला यावर उत्तर सुचलं नाही. मला उत्तर न सुचण्याची सवय नाही. म्हणून मी उत्तर दोन महिन्यांनी दिलं, चौदा एप्रिलला, विहाराच्या स्टेजवरून, चारशे लोकांसमोर: "जो नाव लपवतो तो माझा कोणी नाही. मला मुलगा नाही." टाळ्या फार वेळ वाजत होत्या. द्वारका पहिल्या रांगेत बसली होती. तिचे हात मांडीवर होते.

तो आता सिंगापूरला असतो. दोन वर्षांची मुलगी आहे, अवनी नावाची. मी विचारलं नव्हतं. स्वप्नाने सांगून टाकलं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा बंद. या वेळी माकडं. बनी पार्कातली माकडं केबल धरून एका गच्चीवरून दुसरीवर जातात.

परवापासून द्वारका काठी घेऊन गच्चीवर बसते. केबलचा जोड लोंबकळतोय, "निदान तुटू तरी नये" म्हणते. अठ्ठावन्न वर्षांची बाई, संधिवाताचे गुडघे, डोक्यावर पदर, आणि समोर टाकीवर बसलेला एक म्हातारा हुप्या. दोघं एकमेकांकडे बघत बसतात. मी खालून ओरडलो, "अगं, पुस्तक एक महिना उशिरा निघालं तर जग बुडत नाही."

ती वरून म्हणाली, "तुमचं नाही बुडत जी."

६ मार्च, मंगळवार

होळी झाली. लाईन मेलेलीच. आज वसंतराव आले. शेजारच्या गल्लीत राहतात, विमा कंपनीतून निवृत्त, पुण्याकडचे. मराठी बोलायला मिळावं म्हणून माझा राग सहन करणारा माणूस. त्यांचंही हेच रडगाणं.

"रामटेकेसाहेब, माझी तक्रार तर बारा वेळा सुटली. इतका संतुष्ट ग्राहक त्यांना राजस्थानात मिळणार नाही."

"किती घरं आहेत अशी?"

"आपल्या दोन गल्ल्यांत अकरा."

अकरा! मी खुर्चीत सरळ बसलो. अकरा माणसं म्हणजे युनियन. एकेकटा ग्राहक फोनवर रडतो आणि क्रमांक घेऊन झोपतो. अकरा घरांनी एका दिवशी, एका वेळी मोडेम उचलून त्यांच्या सी-स्कीमच्या ऑफिसात काउंटरवर नेऊन आदळले तर? वर्तमानपत्रवाल्यांसमोर?

वसंतराव म्हणाले, "म्हणजे आपलंच इंटरनेट आपण बंद करायचं?"

"संपात मजूर स्वतःचीच मजुरी बंद करतो, वसंतराव."

"खरंय. पण वहिनींना विचारा हो एकदा. त्या फार बसतात ना त्याच्यावर."

"ती माझंच काम करते," मी म्हटलं.

१२ मार्च, सोमवार

चाकसूला शीतलामातेची जत्रा. सुवालाल दोन दिवस रजेवर. द्वारका सकाळी "दळण टाकून येते" म्हणून गेली ती दीड तासाने आली. वसंतरावांनी तिला कोपऱ्यावरच्या पीसीओत पाहिलं. काचेच्या आत रिसीव्हर धरून, नुसती "अवू, अवू" म्हणत होती, असं ते म्हणाले. मी विचारलं, तर म्हणाली, "स्वप्नाशी बोलली."

घरात फोन असताना? पण मी पुढे विचारलं नाही. हे का विचारलं नाही, तेही मला नीट सांगता येत नाही.

१८ मार्च, रविवार

पार्कात सभा. तीस-पस्तीस माणसं होती. तीन वर्षांनी मी बाकावर चढलो. हिंदीत बोललो. पहिली दोन मिनिटं घसा धरला, मग जुना आवाज आला. अंगावर काटा आला, माझ्याच.

म्हणालो, कंपनीला आपण क्रमांक आहोत. सव्वीस तारखेला तिला आपण माणसं दिसू. म्हणालो, "जिसके घर में उस दिन हरी बत्ती जलती मिले, समझ लेना वह कंपनी का आदमी है." टाळ्या. वसंतरावांनीसुद्धा वाजवल्या.

द्वारका आली नव्हती. घरी आल्यावर म्हणाली, "आवाज इथवर येत होता."

२६ मार्च, सोमवार

आजचं सगळं लिहायचं आहे.

अकरा वाजता निघायचं ठरलं होतं, म्हणून मी वाचनालयात गेलो नाही. दहा वाजता सुवालाल हजर, खांद्यावर नव्या केबलचं भेंडोळं. अर्ध्या तासात जुनी केबल काढून नवी टाकली, माकडांच्या हाताबाहेर, पाईपमधून. मोडेमचा दिवा हिरवा झाला.

"बाबूजी, ऊपर से आदेश है. सबसे पहले रामटेकेजी का घर."

ही चाल मी ओळखतो. मोर्चाच्या आदल्या दिवशी पुढाऱ्याच्या क्वार्टरचं छप्पर दुरुस्त करायचं, मग बाकीची लाईन पावसात भिजत राहिली तरी चालते. माझ्या हयातीत तीन पुढारी मी असे छपराखाली गेलेले पाहिले. एकाशी मी तो मरेपर्यंत बोललो नाही.

द्वारका हात पुसत बाहेर आली. तिला दिवा दिसला. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी लिहू शकत नाही. मग तिने मला पाहिलं.

"तुमी वाचनालयात नाही जात आज?"

"आज मोर्चा आहे."

सुवालाल खाली बसून तारा आवरत होता. मान वर न करता म्हणाला, "बाबूजी, पोती तो बिल्कुल आप पर गई है. वही माथा, वही नाक. पिछली बार टेस्टिंग में देखी थी. माँसा इधर कठपुतली नचाती हैं, वो उधर ताली बजाती है."

मी द्वारकेकडे पाहिलं. सुवालालला कळलं, आपण काहीतरी सांडलं. त्याने पिशवी उचलली, "राम राम सा" म्हणाला आणि गेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून."

"स्वप्नाला ठाऊक आहे?"

"तिनंच लावून देल्लं."

"आणि माझी भाषणं?"

"दुपारी तुमी झोपता, तवा होते थोडं थोडं."

"फोनवर बोलायचं होतं."

"फोनवर ते लेकरू बोलत नाही जी. फोन उलटा करून पायते, आजी कुठं लपली म्हणून." मग एकदम घाईने म्हणाली, "कीर्ती चांगली आहे. तिले नावाचं सगळं ठाऊक आहे. कौशिक कामावर राह्यते, रविवारीच भेटते." मला एक विचारायचं होतं, तो माझी चौकशी करतो का. विचारलं नाही.

अकराला पाच मिनिटं होती. खाली माणसं जमायला लागली होती. वसंतरावांचा मोडेम पिशवीत, कुणाचा हातात, कुणाचा लुगड्याच्या गाठोड्यात. कुणीतरी हाक मारली, "रामटेकेजी, आ जाइए! ऊपर आएँ क्या?"

द्वारका खुर्चीवर बसली होती. साडी घरचीच होती, बदलायला वेळ नव्हता. "पंधरा मिनिटं द्या," ती म्हणाली. "एक महिना झाला जी, त्याच्या वर झाला. पंधरा मिनिटं. मंग न्या."

मी पंधरा मिनिटं देऊ शकलो असतो. हे आता संध्याकाळी लिहितो आहे. तेव्हा जिन्यावर पावलं वाजत होती, आणि मला दिसत होता तो फक्त हिरवा दिवा. पुढाऱ्याच्या घरचा हिरवा दिवा.

कॉम्प्युटरमधून घंटी वाजायला लागली. तिकडून बोलावणं आलं होतं. मी वाकलो आणि वायर ओढली. घंटी मध्येच तुटली.

द्वारकेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अंधारलेल्या काचेकडे बघत म्हणाली, "तुमच्या संपाले नेहमी घरचंच माणूस लागते जी."

मी मोडेम घेऊन खाली गेलो. सर्वांत पुढे चाललो.

२८ मार्च, बुधवार

हिंदी पेपरात आत चौथ्या पानावर फोटो आला: 'उपभोक्ताओं ने लौटाए मोडेम.' मी मधोमध, हात वर. मोर्चा यशस्वी झाला. ऑफिसच्या पायऱ्यांवर मी पत्र वाचून दाखवलं, मॅनेजर बाहेर येऊन हात जोडून उभा राहिला. वसंतराव म्हणाले, "साहेब, मजा आली हो!" मग हळूच, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

अकरा वाजता द्वारका उठते. आत जाऊन निळी साडी नेसते. मग तिला आठवतं. पुन्हा घरची नेसून बाहेर येते. दोन दिवस हेच पाहतो आहे. ती माझ्याशी बोलते: जेवता का, गोळी घेतली का. तक्रार करायला जागा ठेवत नाही.

११ एप्रिल, बुधवार

कंपनीच्या ऑफिसात गेलो. एकटा, कुणाला न सांगता. रांगेत उभा राहिलो. मला कुणी ओळखू नये म्हणून चष्मा काढून ठेवला. मग फॉर्म वाचता येईना.

काउंटरवरच्या माणसाने फाईल काढली. सभ्य होता बिचारा. "सर, आपने लिखकर दिया है," म्हणाला आणि माझंच पत्र माझ्यापुढे सरकवलं. मी चष्मा लावून वाचलं. 'मैं या मेरे परिवार का कोई सदस्य आजीवन इस कंपनी की सेवा नहीं लेगा.' त्या दिवशी याच वाक्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या होत्या. परिवाराला मी विचारलं नव्हतं.

"वो छोड़िए सर, नया फ़ॉर्म भर दीजिए, हमें क्या. पर आपकी गली की लाइन ही उतार ली. ग्यारह घर एक साथ कम हो गए ना. अब वहाँ केबल नहीं है."

सरकारी फोनवाल्यांकडे अर्ज दिला. रांग मोठी आहे. पावसाळा उजाडेल म्हणाले.

१४ एप्रिल, शनिवार

दरवर्षीप्रमाणे विहारात माझं भाषण. यंदा वाक्य तयार करून गेलो होतो. चार दिवस मनात घासून ठेवलं होतं: तीन वर्षांपूर्वी या स्टेजवरून मी खोटं बोललो, मला मुलगा आहे. इतकंच. मग खाली उतरायचं आणि द्वारकेजवळ जाऊन बसायचं.

माझ्या आधी जयंतीबाई बोलायला उठल्या. रेल्वे हॉस्पिटलात आया होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माईक धरला असावा. त्यांच्या मुलीला दिल्लीत शिकायला खोली पाहिजे होती. मालकिणीने आडनाव विचारलं. मुलीने सांगितलं. खोली मिळाली नाही. दुसरीकडे विचारलं, सांगितलं, नाही मिळाली. पाचवीकडे मिळाली. "माह्या पोरीनं नाव लपवलं नाही," जयंतीबाई म्हणाल्या. "रामटेकेबाबूंचं ते भाषण आयकलं होतं तिनं. ते म्हणाली, आई, त्यायनं पोरगा सोडला, मी खोली सोडली तर काय झालं."

मग माईक माझ्या हातात आला.

ती मुलगी समोरच बसली होती. पहिल्या रांगेत द्वारका. मी दोघींकडे पाहिलं. जयंतीबाईंची मुलगी बरोबर आहे. हे मी मरेपर्यंत म्हणेन. आणि सिंगापूरचं ते लेकरू फोन उलटा करून पाहतं. या दोन्ही गोष्टी मावतील असं एक वाक्य मला सुचेना. आयुष्यभर वाक्यांवर जगलो.

"घसा बसलाय," म्हणालो. जयभीम म्हणून खाली उतरलो. टाळ्या वाजल्या त्या जुन्या भाषणाच्या.

२२ एप्रिल, रविवार

सकाळी मीच म्हटलं, "चल, कलेक्टरेट सर्कलजवळ सायबर कॅफे आहे. तिथे कॅमेरा आहे, मी विचारून आलोय."

ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "तुमी बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"एक शब्द नाही. त्याले वाटते तुमाले ठाऊक नाही. ठाऊक झालं अन् तुमी बोलले, तर तो बंद करून टाकीन. मंग माह्याकडं काहीच नाही राहत."

तिने निळी साडी नेसली. कॅफेत प्लायवूडच्या खोपटीत दोन खुर्च्या, तिसरी मावत नाही. ती कॅमेऱ्यासमोर बसली, मी बाजूला भिंतीला चिकटून. स्वप्नाने लिहून दिलेला कागद बघत तिने एका बोटाने अक्षरं दाबली. टायपिंगला किती वेळ लागतो ते मी पहिल्यांदा पाहिलं.

चित्र आलं. कीर्ती. मी तिला पत्रिकेतल्या नावापलीकडे कधी पाहिलं नव्हतं. "मम्मीजी! कितने दिन हो गए! रुकिए, लाती हूँ उसको."

पोरीला मांडीवर घेऊन बसली. माझं कपाळ. सुवालाल खोटं बोलला नव्हता. "अवू, कौन है? आजी है ना? आजी बोलो."

पोरीने पडद्याकडे पाहिलं. मग आईच्या मानेत तोंड लपवलं. द्वारका म्हणाली, "अवू, मी हाव न, आजी." पोरीने मान हलवली. नाही. कीर्ती म्हणाली, "सोकर उठी है ना मम्मीजी, इसलिए." द्वारका हसून म्हणाली, "हो हो, नींद में है." टेबलाखाली तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. दोन महिने. त्या पोरीच्या आयुष्यात दोन महिने म्हणजे केवढे.

पोरगी खाली उतरून निघून गेली. तिच्या जागी कौशिक येऊन बसला. केस विरळ झालेत. चष्मा लागलाय.

"आई, वाळलीस तू. घरची लाईन लागली का?"

"नाही रे, कॅफेत आली."

"एकटी?"

"हो."

तो थोडा पुढे वाकला. माझी बाही दिसत असावी, किंवा खांदा. "बाजूला कोण आहे?"

द्वारकेने माझ्याकडे पाहिलं नाही. एक क्षणही थांबली नाही. "कोणी नाही," ती म्हणाली. "इथला माणूस आहे. मशीन लावून द्यायले बसला."

मला बोलता आलं असतं. घसा ठीक होता.

"भैया," कौशिक म्हणाला, त्या मोठ्या, स्वच्छ आवाजात, जो त्याला कुणाकडून मिळाला ते मला ठाऊक आहे, "कैमरा ज़रा ऊपर कर दीजिए ना. माँ का चेहरा आधा कट रहा है."

मी हात पुढे केला आणि कॅमेरा वर केला.

"थोड़ा और. बस, बस," तो म्हणाला. "थैंक यू, भैया."